भोंग्यातली जागल

तुरीला यंदा फूल चांगलं.

मुकुटबनच्या बाजारात बॅटरीवरचे भोंगे मिळतात.

सदाशिवरावांच्या वडलांना, आबांना, एकही गाणं पुरं येत नव्हतं.

शिवेवर वाघाचे पंजे उमटलेत, पण डुकरांना त्याचं काही नाही.

पिंटू भोंगा घेऊन आला. त्यात आवाज भरायचा, वावरात टांगायचा. तो रातभर ओरडतो, डुकरं फिरकत नाहीत, मचाणावर राखणीला, जागलीला जायची गरज नाही.

"बाबा, बोला यात. शिव्या चालतात."

"शिव्या कायले? आबाचं गानं म्हनतो," सदाशिवराव म्हणाले. "माया बाप लय शौकीन. मचानावर रातभर गाये. आमी घरात आयकत झोपो."

हे त्यांनी सोयऱ्याधायऱ्यांत, लग्नाच्या पंगतीतही सांगितलं होतं. त्यांनी गळा साफ केला.

"ये रं चांदा वावरात, शेंगा घाल पदरात…"

मग तीच ओळ. पुन्हा तीच. आबांकडं तेवढीच होती.

आबांची धाकटी बहीण धनीबाई उन्हात वाती वळत होती. "कायचा शौकीन रे? वाघाचं भेव वाटे त्याले. म्हनून वरडे."

"आत्या!"

"तुई माय दारात बसून राहे. गानं थांबलं का कंदील घेऊन उठे. सुरू झालं का बसे. तुमी पोट्टे घोरत."

भोंग्यात हेही भरलं गेलं. पिंटूनं पुसलं नाही. "डुकरांले काय समजते," म्हणाला.

दिवस कलताना भोंगा बाभळीला टांगून पिंटू घरी आला आणि म्हणाला, "उकंडा काकाचा भोंगा परवा चोरीले गेला."

सदाशिवरावांनी काठी अन् घोंगडी उचलली.

"आता कुठी?" बायको विमलताईनं विचारलं.

"भोंगा राखाले."

"अन् मले कसं समजन, तुमी हाये का नाई? तुमाले वाघानं नेलं तरी ते मशीन गातच राहीन. बंद करा ते. तुमीच म्हना."

"मंग भोंगा आनला कायले?" पिंटू म्हणाला.

अंधारता अंधारता सदाशिवराव मचाणावर चढले. भोंगा बंद केला. आधी लाज वाटली. मग तुरीत काहीतरी खसफसलं आणि लाज गेली. ते बापासारखंच बेसूर गायले.

तंबाखू मळायला थांबले, तशी गावाकडं, त्यांच्याच दारात, बॅटरी लागली. ती वावराच्या वाटेला लागली.

त्यांनी तंबाखू तशीच तोंडात कोंबली आणि चांदाला हाक मारली. उजेड थांबला. मग माघारी फिरला.

आबा वारले ते दिवसा, जेवण झाल्यावर, घरच्या बाजेवर.