आज खुर्चीपर्यंत

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. प्लॅस्टिकची. एके काळी पांढरी, आता कळकट. पाय चार, त्यातले कामाचे तीन. या घडीला माझ्यावर एक वेल बसली आहे. न विचारता आली, पाठीला विळखा घातला आणि आता ऐसपैस पसरली आहे. मी तिला काही बोलत नाही. माझ्यावर याआधी जे बसून गेले, त्यांच्या मानाने ती फार सज्जन आहे.

जन्माचं काय सांगू? साचा उघडला की खुर्ची, मिटला की पुन्हा खुर्ची. आम्ही बहिणी इतक्या सारख्या की आम्हाला आई असती तर तिचीही गफलत झाली असती. एकीच्या मांडीवर दुसरी बसवून आमची चळत ट्रकमधून बाजारात गेली. कोणी दवाखान्यात लागली, कोणी सभागृहात. मी लागले आबांच्या सलूनमध्ये, गिऱ्हाइकांनी वाट बघत बसायची खुर्ची म्हणून. केस कापायची खुर्ची वेगळी. तिला गादी, तिला वर-खाली व्हायची कळ, आणि त्यामुळे तिचा तोरा. पण खरी विद्या वाट बघणाऱ्या खुर्चीकडे असते. कोण दमून बसलाय आणि कोण नुसताच बसलाय, हे मला वजनावरून कळतं. दमलेला माणूस हळू टेकतो आणि मग सगळाच्या सगळा माझ्यावर येतो. न दमलेला धप्पकन बसतो आणि लगेच पायावर पाय टाकतो. हसू नका. ही विद्या पुढे कामाला येणार आहे.

थोडी खोडी मला तेव्हाही होती. सलूनमधली फरशी एका जागी खचलेली. कोणी फुशारक्या मारायला लागला की मी डुगडुगायचे. त्याचं वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि आबा आरशात बघून गालात हसायचे.

पुढे सलून बंद झालं आणि आबांनी मला आपल्या तुकड्यावर आणलं. गावाच्या कडेला, बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीलगत, एक समिती भाजीपाल्यासाठी जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने देते. त्यातला कोपऱ्यातला लांबट तुकडा आबांचा. न्हाव्याचा हात तो! वाफे असे की भांग पाडलाय. शेजारच्या तुकड्यावरची दाईबाई, म्हणजे अर्ध्या गावाला जगात आणलेली म्हातारी, मुद्दाम कुंपणाशी येऊन म्हणायची, "काय हो, आज मातीची हजामत का?"

मग आबांनी अंथरूण धरलं. वर्षं गेली. तुकड्याचे केस कोणी कापले नाहीत. आबा गेले तोवर हरळीने वाफे गिळले होते, घाणेरीची झुडपं माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि मी पत्र्याच्या खोपटात कोळ्यांना भाड्याने दिल्यासारखी पडून होते.

आबांना दोन मुलं. मोठी मुलगी, तिला सगळे ताई म्हणतात, तिच्याहून मोठेसुद्धा. धाकटा सोन्या. चाळिशी उलटली तरी सोन्याच. ताई हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत चादरी धुते आणि घड्या घालते. खिडकी नाही, वाफ भरपूर, आणि अख्ख्या खोलीत एकही खुर्ची नाही. तिथल्या सुपरवायझरचं म्हणणं असं, की माणूस बसला की कामही बसतं. सोन्याचं उलट. तो कंपन्यांमध्ये जाऊन विक्रीच्या पोरांना जोश कसा टिकवायचा यावर भाषणं देतो. तोही त्यांना मित्रांनोच म्हणतो. त्यामुळे हा शब्द मी जरा जपूनच वापरते.

समितीचे सेक्रेटरी, रिटायर पोस्टमास्तर, त्यांनी पत्राने नियम कळवला. दोघांपैकी जो कोणी उन्हाळा संपायच्या आत तुकडा साफ करील, त्याच्या नावावर तो चढेल. नाहीतर रांगेतल्या पुढच्याला जाईल. सोन्या म्हणाला की ताई, तूच घे, मला कुठे वेळ आहे. ताईला तो हवाच होता. दाईबाईने विचारलं, काय करणार एवढ्या रानाचं? ताई म्हणाली, "मला एक तरी काम असं हवंय, जे संपल्यावर बसता येईल."

पहिल्या दिवशी ती आली. डोक्याला फडकं, अंगात आबांचा सलूनमधला कोट, हातात कोयता. फाटक ढकललं तर ते उघडेचना, आतून गवताने धरलेलं. कसंबसं आत शिरली, समोर बघितलं आणि तिचे खांदेच पडले. थोडं कापलं. जेवढं कापलं त्याच्या कितीतरी पट समोर उभं. ती खोपटात गेली, मला बाहेर काढलं, बसणार तेवढ्यात तिला काय वाटलं कोण जाणे, रागारागाने तिने मला उचललं आणि सरळ तणात भिरकावून दिलं.

मी आदळले ती उलटी, चारी पाय आभाळाकडे. मनात म्हटलं, वा, हीच सेवा राहिली होती.

रडून झाल्यावर तिला मी परत हवी झाले. पण यायचं कसं? मध्ये घाणेरी. मग तिने मला आणण्यासाठी वाट कापायला घेतली. कापत कापत माझ्यापर्यंत पोहोचली, माझा पाय धरला आणि सहज मागे वळून बघितलं. मागे मातीचा स्वच्छ पट्टा होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग मला सरळ केलं आणि पुन्हा फेकलं. थोडं पुढे.

तेव्हापासून तीच रीत. ड्यूटी संपली की यायचं, मला पुढे फेकायचं आणि कोयता उचलायचा. "आज खुर्चीपर्यंत," एवढंच म्हणायची. उरलेल्या रानाकडे बघायचंच नाही. अंगात जोर असला तर फेक लांब, पाठ धरली असली तर हातभर. कधी कधी तर मला नुसतंच पुढे ठेवायची, फेकण्याइतकीही ताकद नसायची. पण ठेवायची.

तुम्हाला वाटेल सोपं गेलं असेल. कुठलं! हरळी म्हणजे उपटावं तर मुळाचा एक तुकडा मागे ठेवून हसणारी जात. पाणी पडलं की साफ केलेला पट्टा पुन्हा हिरवा. एकदा ताई कामावरून आली, तो हिरवा पट्टा बघितला आणि कोयता टाकून परत निघाली. फाटकापर्यंत गेली. तिथून पुन्हा फिरली, कुदळ घेतली आणि तोच पट्टा खोल खणून मुळं वेचत बसली. घाणेरीने हात सोलले, त्या हातांना लाँड्रीतला सोडा झोंबायचा. एक दिवस कुदळ कशावर तरी ठणकली. विटांची ओळ निघाली, आबांनी घातलेली, वाफ्याची कड. त्या दिवशी तिने मला चक्क दोनदा फेकलं.

माझं एकच दुःख होतं. ती माझ्यापर्यंत यायची, माझ्या पाठीवर हात टेकायची, धापा टाकायची, पाणी प्यायची. पण बसायची नाही. दाईबाई कुंपणावरून ओरडायची, "अगं टेक की जरा. खुर्ची आहे ती, बैल नव्हे." ताई म्हणायची, बसले तर उठायची नाही. शेवटच्या कुंपणाला लागले की बसेन. आणि मी, जिने गावभरची बुडं तोलली, ती तेवढ्या एका वजनाची वाट बघत राहिले.

बसायचा तो सोन्या. रविवारी यायचा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. ताई कापत कापत माझ्यापर्यंत पोहोचली की हा मला सावलीत ओढायचा आणि धप्प. लगेच पायावर पाय. मग उपदेश सुरू, की ताई, तण बघू नकोस, फळ बघ. ताई, थकवा मनात असतो. एकदा तिचा कोयता मागून घेतला, घाणेरीपुढे उभा राहिला आणि मोबाइलसमोर जिद्दीवर बोलला. कोयता उलटा धरला होता. दाईबाई म्हणाली, "बाळा, धार दुसऱ्या बाजूला असते. पण तुझं चालू दे, तोंडाला आहे तेवढी पुरे." तो हसला. त्याला टोचत नाही, हीच तर त्याची कला.

बोलता बोलता तो मागे रेलायचा, माझे पुढचे दोन पाय उचलून झुलायचा. झुलून झुलून माझ्या मागच्या पायाला एक पांढरी रेघ पडली. प्लॅस्टिकवाल्यांना विचारा, पांढरी रेघ म्हणजे पाय आज ना उद्या तिथून मोडणार. मी ती रेघ जिवापाड जपली. ताई फेकायची तेव्हा तो पाय अलगद वर ठेवायचे. ही रेघ सोन्यासाठी, माझ्याकडून भेट.

सेक्रेटरींच्या तपासणीचा दिवस आला. सकाळपासून ताई राबत होती. फक्त कुंपणाच्या कोपऱ्यातलं एक झुडूप उरलं होतं. तिने मला शेवटचं फेकायला उचललं, आणि खरं सांगते, तिच्या हातांना हसू आलेलं मला कळलं. तेवढ्यात सोन्या आला. "दे, मी ठेवतो," म्हणून मला तिच्या हातातून घेतलं, फाटकाजवळच्या सावलीत मांडलं आणि बसला. ताई न फेकताच कोपऱ्यात गेली आणि झुडपाला भिडली.

सेक्रेटरी आत आले. साफ तुकडा बघून त्यांचे डोळे विस्फारले. समोर बघतात तर खुर्चीत स्वच्छ शर्टातला आबांचा मुलगा, आणि लांब कोपऱ्यात मातीने माखलेली, डोक्याला फडकं बांधलेली बाई, पाठमोरी. आयुष्यभर पाकिटावरचा पत्ता वाचलेला माणूस. पत्ता वाचला आणि मोकळा झाला.

"शाब्बास," ते सोन्याला म्हणाले. "आणि बाई रोजाने ठेवलीत का?"

ताईने ऐकलं. कोयता थांबला. ती वळली आणि तिने सोन्याकडे बघितलं. तिला बोलता येत नव्हतं असं नाही. त्याने बोलावं म्हणून ती थांबली होती. एक वाक्य, मित्रांनो. ज्याच्या तोंडातून दिवसभर वाक्यं गळतात, त्याचं फक्त एक.

सोन्या हसला. "नाही नाही, ताई आहे माझी. मदतीला येते."

मदतीला येते! आणि हे म्हणून तो ऐटीत मागे रेलला. मी म्हटलं, आता नाही तर कधी. रेघ सोडली.

काय आवाज झाला! सोन्या उताणा, इस्त्रीचा शर्ट मातीत, पाय वर. दाईबाई कुंपणावर हात मारून हसली. मीही हसले असते, पण पुढचं बघितलं. सोन्याचा हात मनगटातून मोडला होता. आणि कोयता टाकून सगळ्यात आधी धावली ती ताई. तिनेच त्याला रिक्षात घातलं, तिच्याच हॉस्पिटलात नेलं, तिनेच धुतलेल्या चादरीवर झोपवलं.

माझ्या भेटीचं पुढे काय झालं ते ऐका. समितीची सभा भरली. सोन्या गळ्यात हात अडकवून गेला. सेक्रेटरींनी सगळ्यांना तो हात दाखवला, तुकडा साफ करताना हाड मोडलं पण मागे हटला नाही म्हणाले. टाळ्या. दाईबाई उठून म्हणाली की मास्तर, तो हात खुर्चीने मोडलाय, कुदळीने नव्हे. लोकांना वाटलं म्हातारी विनोद करते. आणखी टाळ्या. तुकडा सोन्याच्या नावावर चढला. मी त्याला पाडायला गेले आणि त्याच्या छातीवर बिल्ला लावून आले. आयत्या बिळावरच्या नागोबाला मी वर फणासुद्धा दिला.

हे सगळं मला कुंपणापलीकडून दाईबाईच्या बडबडीतून कळलं. दोन दिवसांनी ताई आली. मागोमाग सोन्या. समजावू लागला की ताई, नावात काय आहे? माझं काय नि तुझं काय? तू येत जा की पहिल्यासारखी.

ताईने एकच विचारलं. "मदतीला?"

त्याने गळ्यातली पट्टी नीट केली आणि फाटकाकडे निघाला. तो गेल्यावर ताईने मला उचललं आणि फेकलं नाही. हाताने धरून शेवटच्या कुंपणापर्यंत नेलं. मोडक्या पायाखाली आबांच्या दोन विटा लावल्या. मला तोंड बाहेर करून ठेवलं, तुकड्याकडे पाठ. मग ती हळू टेकली, आणि सगळीच्या सगळी माझ्यावर आली.

इतकं वजन मी आयुष्यात पेललं नव्हतं. तीन पाय आणि दोन विटा, पण हललेही नाही.

थोड्या वेळाने ती उठली. कोयता, कुदळ, आबांचा कोट घेतला. मला नाही घेतलं. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण ती खोलीवर नेऊन करणार काय? तिच्या खोलीत जागा पलंगापुरती.

आता तुकड्यावर काय आहे ते तुम्हाला दिसतंच आहे. हरळी परत आली, घाणेरी परत आली. मध्यंतरी सोन्या आला होता. फाटक उघडेना तेव्हा त्याने ताईला फोन लावला, की पुन्हा माजलंय गं, काहीतरी सांग. तिकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. छोटं असावं. मग त्याला तिची रीत आठवली. कुंपणाच्या बाहेरून फिरून येऊन त्याने मला उचललं, पोझ घेतली आणि जोरात तणाच्या मधोमध फेकलं. फेक मात्र चांगली होती. मोबाइलवर दोन शब्द बोलला. शर्टावरची कुसळं झटकली आणि घरी गेला.

म्हणून विनवणी एकच, मित्रांनो. खुर्चीत बसायच्या आधी मागे वळून बघा. साफ वाटेवर पावलं कोणाची आहेत? तुमची नसतील तर उभे राहा, पाय झिजत नाहीत. आणि ज्याची असतील त्याला कोणी मदतनीस म्हणालं, तर ते एक वाक्य तोंडातून काढा. खुर्चीच्या पायावर सोपवू नका. खुर्ची फार तर हाड मोडते.

मी अजून इथेच आहे, तणाच्या मधोमध. फेकणारा फेकून गेला. माझ्यापर्यंत कोणी आलेलं नाही.