गैरहजेरीचा मान

शिरवणे गावातल्या एका छोट्या शाळेत चौथीच्या वर्गावर रुजू होऊन सुमेधाबाईंना जेमतेम दोन महिने झाले होते, आणि रोज हजेरीपट उघडला की त्या आधी रिकामे बाक मोजायच्या. पटावर एकतीस मुलं. बाकांवर कधी बावीस, कधी एकोणीस. मुख्याध्यापक जयप्रकाश सर भले गृहस्थ, पण त्यांनीही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "मॅडम, पंधरा डिसेंबरला तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येतायत. हजेरी अशीच राहिली तर चौथी बंद. पोरं तुर्भ्याच्या शाळेत."

तुर्भ्यापर्यंतचा रस्ता म्हणजे दिवसभर ट्रकच ट्रक. नऊ वर्षांची पोरं तिथे रोज जाणार नाहीत, जी येतायत तीही घरी बसतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाईंनी कंबर कसली. जो गैरहजर, त्याच्या घरी त्याच दिवशी जायचं! शाळा साडेबाराला सुटायची, एक वाजता बाई दारात.

पहिलं घर भावनाचं. तिची आजी जमुना मासळी विकून नुकतीच परतली होती. नात काल हळदीत नाचली म्हणून आज पाय दुखतायत, असं तिने बिनदिक्कत सांगितलं.

"अहो, पण शाळा?"

"साळंचं मागना बोलू. आदी हात धुवा."

भरदुपारी दारात आलेलं माणूस उपाशी पाठवायचं, ही रीतच त्या आळीत नव्हती. पुढ्यात तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण आलं. बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, राहायला नेरुळच्या फ्लॅटमध्ये, जेवायला डब्यावर. दोनदा "नको" म्हणाल्या, तिसऱ्यांदा हातच पुढे झाला. जेवता जेवता त्यांनी भावनाच्या अक्षराचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी भावना पहिल्या बाकावर हजर! बाई खूश.

पुढच्या आठवड्यात गैरहजेरी वाढली. बाईंनीही घरभेटी वाढवल्या. पार्थचं पोट दुखत होतं, तो अंगणात गोट्या खेळत होता. नामाला ताप होता, पण त्याच्या आईने बोंबील आधीच तळून ठेवले होते आणि शेजारून खुर्चीही आणली होती. जमुनाकडे तर तीनदा जाणं झालं. डिसेंबर उजाडला तेव्हा बाईंचा ड्रेस कमरेत घट्ट झाला होता आणि वर्गात सतरा मुलं होती. बाईंना रडू यायचंच बाकी राहिलं.

त्याच दिवशी प्रितेशची आई, भागीरथी, फाटकात उभी राहिली. प्रितेश म्हणजे एकही दिवस न चुकवणारा मुलगा. ही बहुधा आभार मानायला आली असावी, असं बाईंना वाटलं.

"बाई, आमचं काय चुकलं? जमुनाकडं तीनदा जेवल्याव. नामाकडं जेवल्याव. माजा प्रितेश रोज येतो, तर आमचे दारान तुमचा पाय नाय! सोमवारपासून मी पन त्याला घरी ठेवते. सांगून ठेवते!"

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या तडक जमुनाकडे गेल्या.

जमुना जराही ओशाळली नाही. "आता लपवू कशाला? बाई कोनाकडं किती येलां आल्या, आळीन सगल्या बायका मोजतान. माजा पोरगा सात वर्सं साळंत होता. मास्तरचा सांगावा यायचा तो भांडायलाच. आमचे घरी कोन बसला नाय, भाकर खाल्ली नाय. तुमी आलाव, पोरीचं अक्षर चांगलं बोललाव. आमाला किती बरं वाटलं म्हाईत हाय?"

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. आपण हजेरी वसूल करायला जात होतो आणि ही माणसं आपला मान करत होती. डोळे पुसून त्या बाहेर आल्या आणि आळीतल्या बायकांना त्यांनी मोठ्याने ऐकवलं, "आजपासून गैरहजर मुलाच्या घरी मी पाणीसुद्धा पिणार नाही! जो आठवडाभर रोज येईल, त्याच्याकडे शनिवारी जेवायला. पहिला मान भागीरथीताईंचा. पुढचा क्रम तुम्ही ठरवा."

सोमवारपासून जमुना टोपली डोक्यावर घेऊन सकाळी आळीतून हाका मारत निघू लागली. कुणाचं पोर अजून अंथरुणात, हे साऱ्या गावाला कळू लागलं.

पंधरा डिसेंबरला साहेबांनी मुलं मोजली. मग पुन्हा मोजली. "पटावर एकतीस, वर्गात चौतीस? हा काय प्रकार आहे?"

जयप्रकाश सर घाईघाईने हजेरीपट चाळू लागले. सुमेधाबाईंना वाटलं, आता वर्ग बोगस म्हणून बंद होणार! पुढच्या बाकावर तेल चोपडलेली तीन चिमुरडी बसली होती. साहेब सगळ्यात लहानीपाशी वाकले. "तू कितवीत गं?"

"म्हाईत नाय. पन मी रोज येनार. बाईंनी आमचे घरी जेवायचं हाय."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं, कोलंबीसकट. साहेब हसू दाबत शेरा लिहायला बसले: चौथी इथेच चालू ठेवावी, पुढच्या वर्षी पहिलीला जादा बाक द्यावेत.

खिडकीबाहेर बायकांची गर्दी झाली होती. त्यातून जमुनाने आवाज दिला, "ओ साहेब, तुमी हापिसात रोज जाता काय?"

"जातो की."

"एक दिस बी चुकवत नाय?"

"नाही."

"मंग येत्या शनवारी या जेवायला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि प्रामाणिकपणे विचारलं, "पुढच्या शनिवारी आलं तर चालेल का? या आठवड्यात एक रजा झालीय."