पेस्टची उष्णता

द्राक्षाच्या गावात लग्न होऊन आले त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: छाटणीच्या दिवसांत मजुराला ताप आला की तो पेस्टचा. ऑक्टोबर छाटणी झाली की चांगली फूट यावी म्हणून काडीच्या प्रत्येक डोळ्याला, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, रसायनाची पेस्ट लावतात. तिने हात लाल होतात, अंगात उष्णता भरते. ताक प्यायचं, गार पाण्याने अंघोळ करायची, दोन दिवसांत माणूस उभा. हे मला सासूने सांगितलं आणि मी दरवर्षी मजुरांच्या टोळीला सांगत आले.

यंदा रंगूबाईची टोळी सुरगाण्याच्या डोंगरातून आली. सोबत तिची अठरा वर्षांची लेक हर्षाली, पेस्ट लावण्यात सगळ्यांत चपळ. टोळीचं पत्र्याचं शेड आमच्या शेततळ्याच्या खालच्या अंगाला आहे. तळं पाझरतं, तिथली डबकी दिवाळीपर्यंत आटत नाहीत. आमचा बंगला वर माळावर, खिडक्यांना जाळ्या. शेड खालीच का, असं कोणी कधी विचारलं नाही. मजुरांना पाणी जवळ पडतं, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

हर्षालीला पहिला ताप आला तेव्हा रंगूबाई आमच्या पायरीशी येऊन उभी राहिली. पोरीला हिव भरलंय, रक्त तपासायला न्यावं लागेल, म्हणाली. मी मेथी निवडत होते. मान वरही केली नाही.

"हिवताप तुमच्या डोंगरात, रंगूबाई. इथे पेस्टची उष्णता असते," असं म्हणून मी तिला तांब्याभर ताक दिलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी खडखडीत बरी, कामावर हजर. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप. चौथ्या दिवशी बरी, पुन्हा पेस्ट लावली, पाचव्या दिवशी पुन्हा ताप. मी तर जिंकल्यासारखी बोलले, की बघ, पेस्ट लावली की दुसऱ्या दिवशी चढतो की नाही? रंगूबाई शेडकडे वळली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी कुठली शहाणी?

सातव्या दिवशी सकाळी हर्षाली आईला ओळखेना. डोळे उघडे, पण नजर कुठेच ठरत नव्हती. माझा नवरा शेखर बागेत अडकला होता, मीच गाडी काढली. नाशिकपर्यंत रंगूबाई लेकीचं डोकं मांडीवर धरून बसली होती. मी नवस बोलायला गेले, तर एकाही देवाचं नाव धड आठवेना.

सरकारी दवाखान्यात लगेच रक्त घेतलं. मलेरिया निघाला, तोही मेंदूवर गेलेला. थकलेल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? माझ्या आधी रंगूबाई बोलली.

"सात दिस झाले, साहेब. मी हिव म्हनले होते. ताई म्हनल्या, पेस्टीची उष्णता हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. हा ताप असाच एक दिवसाआड येतो, पेस्ट लावा नाहीतर लावू नका, डॉक्टर म्हणाले. फार उशीर झालाय, प्रयत्न करतो, एवढं रंगूबाईला सांगून ते आत गेले.

नर्सने विचारलं, तुमच्याकडे आणखी कोणाला ताप आहे का? शेडमध्ये अजून अकरा माणसं होती. त्यांत चार लेकरं, एक तर झोळीतलं. बाहेर येऊन शेखरला फोन लावला. दोनदा भलतीकडेच लागला. शेवटी तो सापडला. शेडमध्ये जाऊन बघ, आत्ता जा, मी म्हणाले.

"अगं सुवर्णा, तिथूनच येतोय," तो म्हणाला. "दोन लेकरं तापलीत, एक तर झोळीतलंच आहे. आईच्या हाताची पेस्ट लागली असेल. त्यांच्या आया घाबरल्या होत्या, पण तू सांगतेस तेच सांगितलं त्यांना. ताकही देऊन आलोय."