खळ्यातला वाटा

आमच्या ह्यांच्या सत्कारानिमित्त मागच्या महिन्यात एक पुस्तिका निघाली. आमदार म्हणून केलेल्या कामाचे तिच्यात चार मथळे आहेत: पर्यावरण, अन्नसुरक्षा, गृहनिर्माण आणि नगरनियोजन. प्रत्येकाला वेगळं पान दिलंय. वाचून मला हसू आलं. ही चारही पानं एकाच जमिनीवर उभी आहेत, आणि त्या जमिनीवर माझं घर व्हायचं होतं.

डोंबिवली पूर्वेला एका चाळीत आमच्या दोन खोल्या. हे निवडून आले तरी खोल्या दोनच राहिल्या. बाहेरच्या खोलीत उजाडल्यापासून माणसं: कुणाचा नळ कोरडा, कुणाची बदली, कुणाचं रेशनकार्ड. आतल्या खोलीत स्वयंपाक, आणि ओट्याच्या कडेला माझे शाळेचे पेपर. मी गणिताची शिक्षिका. एक उदाहरण धड तपासून होत नसे, तोवर पडद्याआडून कुणीतरी डोकावायचं, "वहिनी, भाऊ आहेत का?" गावाला हे भाऊ आणि मी वहिनी. आनंद आणि उत्तरा ही नावं लग्नपत्रिकेतच राहून गेली. मला काही बंगला नको होता. एक खोली हवी होती, जिचं दार मला आतून लावता येईल.

म्हणून मी शिक्षकांच्या गृहनिर्माण सोसायटीत नाव घातलं. पगार माझा, नाव माझं. ह्यांना विचारलंही नाही. विचारायला ते सापडायला हवेत ना. बरीच वर्षं सोसायटीला जमीनच मिळेना. मग नव्या विकास आराखड्यात कोपरच्या पुढे, खाडीकाठी, एक मोकळं मैदान घरांसाठी ठेवलं गेलं आणि ते आमच्या वाट्याला आलं. सेक्रेटरींनी पेढे वाटले. मी चाचणीच्या उरलेल्या कागदावर खोली काढली, खिडकी कुठे, टेबल कुठे, आणि दार मात्र ठळक काढलं.

१९८७ चा डिसेंबर होता. हे अधिवेशनासाठी नागपूरला. एका दुपारी खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या बायका घरी आल्या. पुढे आवडाबाई, साठीच्या, आवाज खणखणीत. भाऊ नाहीत म्हटल्यावर जातील असं मला वाटलं. त्या ऐसपैस मांडी घालून बसल्या.

"आमचं खलं सरकारनं कुनाला तरी दिलंय," आवडाबाई म्हणाल्या. "मानसं आली न् खुंट्या ठोकून गेली. आता आमी जवला सुकवाचा कुठं?"

"कुठलं खळं?"

"कोपरच्या म्होरं. खाडीवर."

म्हणजे आमच्या सोसायटीचीच जागा. तरी मास्तरीण ती मास्तरीणच; मी विचारलं, "जागा कुणाच्या नावावर आहे?"

"नावावर कशाला? गावाची हाय ती."

हळूहळू उलगडा झाला. आराखड्याची मोजणी करणारे साहेब श्रावणात आले होते. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, सुकवणं बंद, खळ्यावर गुडघाभर गवत. साहेबांनी विचारलं, ही जागा कुणाची? गावात कुणीही जे सांगेल तेच ह्या बायकांनी सांगितलं: कुणाची नाय. कारण खळ्याला कुणी 'माझं' म्हणायचं नसतं. तिथे घर बांधायचं नाही, कुंपण घालायचं नाही. आपल्या दगडापासून शेजारणीच्या दगडापर्यंत जवळा पसरायचा आणि उन्हं उतरली की गोळा करायचा. जो माझं म्हणेल त्याला गाव नावं ठेवतं. साहेबांनी कागदावर लिहिलं, मोकळी, विनावापर. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

"बघते," एवढंच मी म्हणाले. त्या सोसायटीत मीही आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी मी तिथे गेले. कोळणींचं खळं बघायला म्हणून गेले नव्हते, माझी जागा बघायला गेले होते. सोसायटीच्या खुंट्यांमध्ये जवळा पसरला होता, गुलाबी, बारीक, सगळ्या मैदानभर. वासाने मी पदर नाकाला लावला. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासळी खाल्लेली नाही. आवडाबाईंची सून जनी खराट्याने जवळा उलटत होती. ती म्हणाली, "पावसाल्यात खाडीत जाता नाय येत. तवा आमाला ह्योच. न् टिटवाला, खडवलीला टोपल्या जातात. तिथल्या वाड्यांवर पावसाल्यात भाकरीसंगती दुसरं काय असतं?" मैदानाच्या कडेची तिवरं, खाडीच्या चिखलात वाढणारी ती झाडं, तोडून भराव घालायचा होता. आधीच खाडीच्या पाण्याला कसला तरी उग्र वास येत होता आणि मासळी दूर गेली होती.

माझी खोली कुठे येणार तो कोपरा मी अंदाजाने शोधला. तिथे जनी उभी होती. मला भयंकर राग आला. जनीवर काढता येईना, साहेबांवर काढता येईना; मग घरी येऊन मी नागपूरला फोन लावला आणि सगळा ह्यांच्यावर काढला.

ह्यांनी नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी उपायही काढला. कल्याण रस्त्याला लागून सरकारी जमीन पडून होती, स्टेशनला चालत जाता येईल अशी. सोसायटी तिकडे हलवायची आणि खळं आराखड्यात खळं म्हणूनच दाखवायचं. मी तर खूषच झाले. स्टेशन जवळ, शाळा जवळ, आणि कोळणींचे शिव्याशापही नाहीत.

तिसऱ्या दिवशी ह्यांचा आवाज पडलेला. विरोधी बाकावरच्या एका सदस्याने लॉबीत गाठून खांद्यावर थाप मारली होती: "वा भाऊ, कोळ्यांचं नाव आणि वहिनींना स्टेशनजवळ फ्लॅट."

"मी मांडलं की तो सभागृहात हेच म्हणणार," हे म्हणाले. "मग खळ्याचं कुणी ऐकणार नाही. तूच सांग काय करू."

सोसायटीचा राजीनामा दे असं ते म्हणाले नाहीत. एवढी लबाडी राजकारणात राहून माणूस शिकतोच. आपण बोलायचं नाही, दुसऱ्याला सुचू द्यायचं. मी फोन आपटला. भांडी आपटली. पेपर तपासताना दोन पोरांना विनाकारण नापास केलं आणि मग पुन्हा पास केलं. मी सोडलं नाही तर खळंही जाणार आणि बाकीच्या शिक्षकांची नवी जागाही. सकाळी सोसायटीत जाऊन सभासदत्व सोडल्याचा कागद दिला, तिथून तडक तारघरात गेले. तारेत लिहिलं, "सोसायटी सोडली. बोला."

हे बोलले. मंत्र्यांनी मान्य केलं. वर्तमानपत्रात फोटो आला.

कल्याण रस्त्यावर आमच्या सोसायटीची, म्हणजे त्यांच्या सोसायटीची, चार मजली इमारत झाली. सेक्रेटरींच्या वास्तुशांतीला मी गेले. त्यांच्या मुलीने मला तिची खोली दाखवली आणि दार लावून, कडी घालून दाखवलं. घरी येऊन मी रडले. ह्यांच्यासमोर रडले, मुद्दाम. "पुढे बघू आपण," हे म्हणाले. ते पुढे कधी आलं नाही.

इमारत उभी राहण्याआधीच, अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात, आवडाबाई पुन्हा आल्या. मी चाळीच्या गॅलरीत लुगडं अंथरून पापड वाळत घातले होते. पोरं त्यावरून उड्या मारत होती आणि मी त्यांच्यावर ओरडत होते. आवडाबाईंनी हे थोडा वेळ पाहिलं.

"तुझं नाव काय गो, बाय?"

किती वर्षांनी कुणी विचारलं होतं. "उत्तरा," मी म्हणाले.

"उत्तराबाय, हितं कशाला मरतेस? खल्यावर ये. भाऊंनी आमाला सांगितलं तू काय सोडलंस ते. कोपऱ्यातला एक वाटा गावानं तुला ठेवलाय."

मी नाही म्हणणार होते. मासळीच्या मैदानात पापड, सासूबाई असत्या तर त्यांनी अंघोळ घातली असती मला. पण ओल्या पापडांचा गठ्ठा तसाच पडला होता, आणि मी गेले. दोन दगडांमधली जागा जनीने शेणाने सारवून ठेवली होती. अगदी तोच कोपरा.

त्या वर्षापासून दर एप्रिलात मी खळ्यावर जाऊ लागले. पापड, कुरडया, सांडगे घालायचे आणि तिवरांच्या सावलीत बसून वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे. कावळे हाकलायला जनी असे. तिथे मला कुणी 'भाऊ आहेत का' विचारत नसे. कोळणी आपापसात बोलत, हसत, भांडत, आणि मला माझ्या गणितांत सोडून देत. पापडांना जवळ्याचा वास लागे तो लागेच. हे जेवताना मुकाट्याने खात. नाक मुरडायची ह्यांची टाप नव्हती. मी तिथे सुखी होते.

पंच्याण्णवच्या श्रावणात आराखड्याच्या फेरतपासणीसाठी दुसरे साहेब आले. खळ्यावर पुन्हा गवत, पुन्हा तोच प्रश्न. पण आवडाबाई शहाण्या झाल्या होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या तरी काठी टेकत त्यांनी साहेबाला दगडादगडावरून चालवलं. ही जनीची, ही भागीरथीची, ही सगुणाची. आणि कोपरा उत्तराबायचा. साहेबाने सगळं लिहून घेतलं.

डिसेंबरात आराखडा सभागृहात चर्चेला येणार होता. नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी हे आतल्या खोलीत आले आणि ओट्याशी उभे राहिले. त्याच जुन्या सदस्याच्या हाती मोजणीचा कागद पडला होता. भाऊंच्या पत्नीची जागा त्या खळ्यात आहे हे खरे आहे काय, असं तो विचारणार होता.

"तूच सांग काय करू," हे म्हणाले.

तोच चेहरा, तेच वाक्य. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"या वेळी तार येणार नाही," मी म्हणाले. "घर सोडलं. हा कोपरा मी सोडणार नाही. बोलायचं तर असंच बोला."

हे बॅग भरायला गेले. मला वाटलं, खळं गेलं आता, आणि आवडाबाईंना मी तोंड कसं दाखवू. तरीही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

सभागृहात काय झालं ते मला ह्यांनी सांगितलं नाही; मी नंतर कामकाजाच्या छापील वृत्तांतात वाचलं. त्या सदस्याने विचारण्याआधीच हे उभे राहिले होते. "अध्यक्ष महाराज, या जमिनीत माझ्या पत्नीचा हितसंबंध आहे. ती तिथे पापड वाळवते. ते मी खातो, म्हणजे माझाही आहे." इथे कंसात हशा छापलाय. पुढे आहे: "पण ती जागा मी तिला दिलेली नाही. मी तिला कुठलीच जागा देऊ शकलो नाही. ही तिने मिळवली आहे, आणि ती काढून घ्यायची असेल तर सभागृहाने तिला विचारावं, मला नाही."

खळं आजही खळं आहे. ह्यांचं हे एकच भाषण मला पाठ आहे, आणि नेमकं तेच पुस्तिकेत घ्यायचं राहिलंय.