पुरलेलं पाणी

सकाळी साडेसात वाजता जामखेडजवळ सहादेवच्या पडीक रानात बोअरची गाडी सुरू झाली, आणि पुरुषभर खोलीवरच ओला चिखल उसळला. एकच गलका झाला. सहादेवची बायको राहीबाई जमलेल्यांच्या हातावर साखर ठेवू लागली.

रश्मी पोहोचली तेव्हा चिखलात निळ्या प्लॅस्टिकचे तुकडे पडले होते. ते ओळखताच ती सहादेवकडे धावली.

चंद्राच्या मातीखालचं गोठलेलं पाणी हुडकायचं यंत्र बंगळुरूला तिच्या गटाने बनवलं होतं. ते तपासायला कोरडं, खडकाळ रान हवं होतं. "खुशाल वापर, इचारत बसू नगं," सहादेव म्हणाला होता. शेजारच्या वस्तीवरची ही पोर त्याच्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. महिन्यामागे नवराबायको लेकीकडे नगरला गेलेले असताना तिने तिथे ओल्या मातीने भरलेलं निळं बंद पिंप पुरलं. काल यंत्राने ते अचूक हेरलं. "सापडलं! पाणी आहे!" ती फोनवर ओरडली आणि जागेवर लाल झेंडी रोवून घरी गेली. सहादेव बांधावरून ऐकत होता. त्याची लिंबाची बाग वाळत चालली होती. अंधार पडायच्या आत त्याने गाडी ठरवली.

"काका, गाडी थांबवा. ते पाणी मीच पुरलं होतं."

सहादेवने कानामागे हात धरला. गाडीवाल्याने गाडी थांबवली तेव्हा तिने पुन्हा सांगितलं. राहीबाईचा साखरेचा हात तसाच राहिला.

"चंद्रावर बी आदी पुरून येत्यात का काय?" बिभीषण खिदळला. त्याचा बांध सहादेवच्या बांधाला लागून.

"गप रं," सहादेव म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "मंजी मशीन खोटं?"

"मशीन खरं आहे. चाचणीसाठीच पुरलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं, काका. चुकलं माझं."

"ऱ्हाऊ दे. त्याच्याखाली हाय का न्हाई, तेवढं सांग."

"एवढ्या खोलचं त्याला कळत नाही."

"आन् चंद्रावर?"

"तिथंही एवढंच."

सहादेव बागेकडे वळला. "बाग थांबायची न्हाई, पोरी. भोक तर पडलंच हाय. जाऊ दे खाली." त्याने गाडीवाल्याला खूण केली.

बंगळुरूहून फोन येत राहिले. फुटलेल्या पिंपावर दुसरी चाचणी होणार नव्हती. यंत्र भरून निघा, असं साहेब सांगत होते. रश्मीने यंत्र टेम्पोत चढवून दिलं, पण स्वतः गेली नाही. दुपारी राहीबाईने तिच्याही हातावर भाकरी ठेवली. बिभीषण कधीच निघून गेला होता.

दिवस कलला तेव्हा गाडी पाचशे फुटांवर होती. राखाडी भुकटी उडत होती. दर नव्या रॉडला ओल लागते का बघायला रश्मी ती मुठीत घेऊन दाबायची, आणि सहादेव तिच्या तोंडाकडे बघायचा.

"आजून एक लाव," त्याने गाडीवाल्याला सांगितलं.

रॉड चढला. भुकटी कोरडीच येत होती.