दोनशेच्या रेघेवर

मित्रांनो, मी एक जुने काचेचे मोजपात्र आहे. माझ्यात काय मोजत असत हे ऐकलेत, तर तुम्ही आधी नाक मुरडाल आणि मग एकमेकांना कोपराने ढोसाल. माझी हरकत नाही. मी रुग्णालयात माणसांची लघवी मोजत असे. पण माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐका, कारण ती एकट्याने बाळगणे मला आता झेपत नाही.

एका कारागिराने मला भट्टीवर फुंकून घडवले. माझ्या अंगावर हजारापर्यंत रेघा कोरल्या आणि प्रत्येक रेघ पाणी ओतून पडताळून पाहिली. काम संपल्यावर तो आपल्या जोडीदाराला म्हणाला, "हे भांडं एक वेळ फुटेल, पण खोटं बोलणार नाही." ते वाक्य मी कितीतरी वर्षे पदकासारखे मिरवले.

मला जिथे नेले, ती रुग्णालयाच्या मागच्या अंगाची सहा खाटांची लांबट खोली होती. तिथल्या रुग्णांची हृदये थकलेली होती. पायांत पाणी साचून सूज येई आणि धाप लागल्यामुळे झोपही लागत नसे. म्हणून त्यांना दोन औषधे लागत. एक लघवीवाटे अंगातले पाणी काढणारे आणि दुसरे जिवाला शांत करून गुंगी आणणारे. "ही दोन औषधं एका पोटात गेली की एकमेकांशी कशी वागतात, ते नीट मोजून पाहायला नको का?" असे मोठे डॉक्टर म्हणत. संशोधन त्यांचेच होते. एक दिवस फक्त लघवीची गोळी, एक दिवस फक्त गुंगीची, तिसऱ्या दिवशी दोन्ही. सकाळी आठला औषध द्यायचे आणि दुपारी बारापर्यंत रुग्णाचा थेंब न् थेंब माझ्यात ओतायचा, असा नियम होता. सिस्टर आकडा वहीत लिहीत. वहीत शेवटचा रकाना होता, 'सांडले का?'

डॉक्टर मला खिडकीच्या उजेडात धरून एक डोळा मिटून रेघ वाचत आणि म्हणत, "खरं संशोधन तर हे भांडंच करतं. आपण नुसते हमाल!" मी फुगून जाई. कौतुक कुणाला नको असते?

मला रोज गरम पाण्याने धुणाऱ्या बाईंना सगळी खोली मावशी म्हणे. चादरी बदलणे, भांडी उचलणे, रुग्णांची वेणीफणी, सगळे त्यांच्याच अंगावर असे. त्यांचे बोलणे फटकळ होते, पण हात आईचे होते.

चौथ्या खाटेवर आत्या होत्या. जन्मभर शाळेचे गणवेश शिवून त्यांनी भाच्याला वाढवले होते. चादरीला सुरकुती पडलेली त्यांना खपत नसे. नुसत्या लघवीच्या गोळीच्या दिवशी मी आठशेच्या रेघेपर्यंत भरे. पण दोन्ही गोळ्यांच्या पहिल्याच दिवशी निराळे घडले. पाणी बाहेर यायला निघाले आणि गुंगीने त्यांना जागेच होऊ दिले नाही. डोळे उघडले तेव्हा अंथरूण भिजले होते. आत्या तोंडात पदर धरून रडल्या.

"मावशी, कुणाला सांगू नका हो. भाच्याला कळलं तर तोंड कसं दाखवू मी?"

"अहो आत्या, चादर दवाखान्याची, पाणी नळाचं. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? झाकली मूठ सव्वा लाखाची," मावशी म्हणाल्या आणि तेवढ्यात चादर बदललीसुद्धा. मागच्या मोरीत त्यांनी ती पिळली. पाणी गळण्याचा आवाज मला टेबलावर ऐकू येत होता.

बारा वाजता माझ्यात जेमतेम दोनशेच भरले.

"मावशी, काही सांडलं-बिंडलं?" सिस्टरनी विचारले.

"नाही सिस्टर."

तो रकाना आम्हा आयांना बोलणी बसवायलाच काढलाय, असे मावशी समजून होत्या. त्या आकड्यावर पुढे काय ठरते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. रुग्णांचा वजनकाटा असता तर घटलेले वजन दाखवून त्याने चुगली केली असती, पण तो महिनाभर दुरुस्तीला गेला होता.

असे तीनदा झाले. डॉक्टरांनी आकडे शेजारी शेजारी मांडले आणि त्यांचे डोळे चमकले. "सिस्टर, बघा! गुंगीचं औषध दुसऱ्याला अडवतंय. पाणी अंगातच राहतंय."

"पण सर, आत्यांच्या पायांची सूज तर उतरलीय. मला वाटतं कुठेतरी पाणी मुरतंय."

"डोळ्यांना काय, काहीही दिसतं. मोजपात्र खोटं बोलत नाही."

आणि पुढच्या वेळी त्यांनी लघवीची गोळी दुप्पट केली. मित्रांनो, मला तोंड आहे पण जीभ नाही. मी टेबलावर तसेच उभे राहिले.

त्या सकाळी आत्यांचे आधीच कोरडे पडलेले अंग आणखी कोरडे होत गेले. ओठांना चिरा पडल्या. त्यांनी दोनदा पाणी मागितले, ते अर्धवट पिऊन पुन्हा डोळे मिटले. मावशींनी दोनदा चादर बदलली. अकराला सिस्टरनी मनगट धरले आणि त्या ओरडल्याच. मग सगळे धावले. बारा वाजायच्या आत आत्या गेल्या. तरीही नियम म्हणून खाटेखालच्या भांड्यातले माझ्यात ओतले गेले आणि कुणीतरी वहीत दीडशे लिहिले. "हृदयच थकलं होतं त्यांचं," डॉक्टर म्हणाले, आणि ते त्यांना खरेच वाटत होते. भाचा चष्मा आणि कंगवा रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

त्यानंतर माझी झोप उडाली म्हणा. उजेडात धरले की माझे भरलेले अंग मला दिसेनासे झाले. दिसे ती दोनशेच्या रेघेवरची रिकामी काच. जे माझ्यात आलेच नाही, ते तिथे उभे असे. मोरीत कुणी नसताना चादर पिळल्याचा आवाज येई. चौथी खाट रिकामी होती, तरी मावशी येता-जाता तिच्यावरून हात फिरवून नसलेली सुरकुती काढत. मला त्या दोन-दोनदा धुऊ लागल्या. त्यांनाही काही दिसत असावे. पण आम्ही दोघे मूग गिळून गप्प होतो.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या खाटेवर मास्तर आले. निवृत्त मुख्याध्यापक, करडे आणि ताठ. डॉक्टरांचे अक्षर सुधारायला सांगणारा मी पाहिलेला हा एकच रुग्ण. दोन्ही गोळ्यांच्या दिवशी त्यांचीही गत तीच झाली. मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "हे तुमच्या-माझ्यात राहील. शब्द द्या मला."

मावशींनी शब्द दिला. भिजलेली चादर न पिळताच रिकाम्या बादलीत टाकली. बाराला माझ्यात दोनशे भरले आणि रकान्यात 'नाही' लिहिले गेले.

जेवणाच्या वेळी सिस्टर डबा उघडताना सहज म्हणाल्या, "आत्यांसारखंच मास्तरांचं. माप कमी येतंय म्हणून पुढच्या वेळेपासून त्यांचीही गोळी दुप्पट."

मावशींचा घास हातातच राहिला. "कमी येतंय म्हणून? आत्यांची गोळी म्हणून वाढवली होती?"

"मग कशासाठी वाढवतील?"

मावशी उठल्या. हातही न धुता मोरीकडे गेल्या आणि ती चादर तशीच ओली बादलीतून उचलून खोलीत आल्या. डॉक्टर मला उजेडात धरून उभे होते. मावशींनी मला त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावले, मास्तरांच्या खाटेशेजारच्या टेबलावर ठेवले आणि चादर माझ्या तोंडावर पिळायला घेतली.

"मावशी, हे काय चाललंय?"

"मोजा सर."

मी भरत गेले. तीनशे, चारशे, पाचशे. मावशींच्या मनगटाच्या शिरा तटतटल्या होत्या. साडेसहाशेच्या रेघेवर शेवटचा थेंब पडला. "उरलेलं गादीत आहे," त्या म्हणाल्या.

मास्तर कोपरावर उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही शब्द दिला होतात! चारचौघांत माझी लाज काढलीत तुम्ही!"

"आत्यांची लाज राखली मी, मास्तर," मावशी रडत म्हणाल्या. "त्या गेल्या."

डॉक्टरांनी वही उघडली, मागची पाने उलटली आणि आत्यांच्या ओळीवर बोट ठेवले. "यांच्याही?"

"दर वेळी, सर."

"शेवटच्या दिवशी?"

"दोन चादरी."

डॉक्टर चौथ्या खाटेवर बसले. मग त्यांनी दुप्पट गोळीचा कागद फाडला, मास्तरांना पाणी पाजायला लावले आणि संशोधन त्याच दिवशी थांबवले. भाच्याला त्यांनी स्वतः बोलावून सगळे सांगितले, कुणावर ढकलले नाही. मावशींना ते म्हणाले, "एवढ्या दिवसांत मी तुम्हाला काही विचारलंच नाही."

"विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं का, कुणास ठाऊक," मावशी म्हणाल्या.

आठवड्याने मास्तर बरे होऊन घरी निघाले. मावशींनी त्यांची पिशवी फाटकापर्यंत नेली. त्यांनी ती वर न बघता घेतली आणि एक शब्दही न बोलता ते निघून गेले. मावशी परत आल्या आणि मला विसळता विसळता पुटपुटल्या, "चालत गेले. आपल्या पायांनी."

पुढे प्लास्टिकची भांडी आली आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. मावशी निवृत्त झाल्या. माझ्यावर आता बोटभर धूळ आहे आणि तळाशी तडा गेला आहे. रिकामी काच मात्र अजून तिथेच आहे, दोनशेच्या वर.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे माझे मागणे नाही. तुमच्या घरी कुणी म्हातारे माणूस झोपेतून दचकून उठेल आणि घाईघाईने पांघरूण ओढून घेईल, तेव्हा त्यांच्याजवळ बसा. प्रेमाने विचारा, आणि जे कळेल ते डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला. ते रागावतील, अबोला धरतील. धरू द्या. आत्यांना आमच्यावर रागावायची संधी आम्ही दिलीच नाही.