कागदावर नसलेली तारीख

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधली वही मी, इक्बाल, ठेवतो. कोणी काय फोडलं, कोणी काय नेलं, सगळं लिहिलेलं. बॉटनीचे सार्थकसर आठवड्यातून दोनदा आमच्याकडून डिस्टिल्ड वॉटर नेत. एवढं पाणी कोणतंच झाड पीत नाही. मला केव्हाच कळलं होतं, आमच्या लॅबमधल्या विनितामॅडमना नाही.

मॅडम शेलार गावच्या. कापडाच्या लूमच्या रंगाचं सांडपाणी भाताच्या तुसाने कसं निवळतं, यावर त्यांची पीएचडी. प्रबंध ऑगस्टमध्ये द्यायचा होता आणि वडलांनी, केसरीनाथशेठनी, वळ गावच्या गोडाऊनवाल्याचं स्थळ आणलं होतं. लग्न माघातच, प्रबंधाच्या आधी. त्या घरची सून नमुन्याच्या बाटल्या घेऊन नाल्यावर उभी राहणार नव्हती. पाच वर्षांचं काम गेलंच म्हणा.

"घरी सांगितलंय, माझं जमलंय," मॅडम सरांना म्हणाल्या. "ऑगस्टपर्यंत तो मुलगा म्हणजे तुम्ही. नंतर बिनसलं म्हणून सांगू."

आणि टाईप केलेला कागद दिला. प्रश्न, उत्तरं, तारखा. प्रेम केव्हापासून? गेल्या जूनपासून. सरांचे कान लाल झाले. "पाठ करतो," एवढंच म्हणाले.

सर साताऱ्याचे, इथे नातलग कोणी नाही. मोठं माणूस म्हणून मला रविवारी शेलारला नेलं.

"पोराकडून तुमी, इक्बालभाय?" शेठ हसले. "नाक जुळत न्हाय तुमचा."

"लॅबमधली सगळी पोरं माझीच, शेठ."

पोहे झाले. शेठनी बशी बाजूला सारली. "सर, खरा सांगा. कवापासून हाय ह्या?"

सरांसारखा माणूस पानावरच्या शिरासुद्धा अंदाजाने लिहीत नाही, पुन्हा मोजतो. कागदावरचा जून काही तोंडातून बाहेर येईना.

"चौदा ऑगस्ट दोन हजार दोन," सर शेवटी म्हणाले. "दुपारी. मॅडम नाल्यावरून आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे. मी हात धुवायला साबण दिला. म्हणाल्या, थांबा, आधी नोंद करू द्या."

"हे कागदावर नाही," मॅडम पुटपुटल्या.

"कंचा कागद?" शेठ.

झालं. कागद निघाला, सगळं निघालं. आतून मॅडमच्या आई, चंद्राकाकू, दारात येऊन उभ्या राहिल्या. मी बशीत उरलेल्या पोह्यांतले शेंगदाणे वेचू लागलो.

शेठ लेकीकडे वळले. "मंजे सगला खोटा?"

"त्यांचं खरं आहे, बाबा," मॅडम सरांकडे बघत म्हणाल्या. तेव्हापासून चार वर्षं शेजारच्या लॅबमधला माणूस आज पहिल्यांदा दिसावा, तसं. "माझं... तपासावं लागेल."

"किती दिस लागतील?"

"प्रबंध होईपर्यंत दुसरं काही हातात घेणार नाही."

शेठ काकूंना म्हणाले, "वळला फोन लाव. सांग, पोरीची परीक्षा हाय, ऑगस्टपातुर कोन येऊ नका." आणि सरांना, "पोरगी खोटा बोलली, तुमाला ता बी जमला न्हाय. कसा व्हायचा तुमचा?"

मॅडम रिक्षापर्यंत पोचवायला आल्या. सर माफी मागत होते, तारीख निसटली म्हणून.

"सार्थकसर, एका रीडिंगवर मी काही लिहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत या. इक्बालभाईंना न आणता."